देवळालीचा ताप

आमच्या आबांनी इंग्रजी भाषेचा पराभव केला तो एका मुंगसाच्या जोरावर, आणि ते मुंगूस त्यांच्या हातात दिलं मीच.

मी कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे, पोरं पास होतील एवढी काळजी घेते. माझा खरा जीव आहे तो शब्दांच्या कुळकथेत. एखादा शब्द कुठून निघाला, वाटेत कुणाकुणाच्या घरी जेवला आणि कपडे बदलून आपल्यापर्यंत कसा पोचला, हे शोधायला मला फार आवडतं. वर्गात त्याला गिऱ्हाईक नाही. 'मॅडम, हे पेपरात येतंय का?' एवढं विचारून पोरं खिडकीबाहेर बघतात. शाहूपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये नवरा ऐकतो, पण टीव्हीचा आवाज कमी न करता ऐकतो. म्हणून ही सगळी विद्या साठवून मी दर रविवारी माहेरी उचगावला न्यायची आणि आबांच्या पदरात टाकायची.

आबा तोफखान्यात होते. हवालदार म्हणून रिटायर झाले आणि घरी येऊन त्यांनी म्हशी पाळल्या. आता दोनच उरल्यात. तोफांनी त्यांचे कान थोडे अधू केलेत, त्यामुळे ते स्वतः मोठ्यानं बोलतात आणि समोरच्याचं अर्धं ऐकून उरलेलं मनानं भरतात. त्या रविवारी गोठ्यातून एक मुंगूस सुसाट पळालं. मी सहज म्हटलं, "आबा, इंग्रजीत याला मोंगूस म्हणतात. तो शब्द आपल्या मराठीतूनच गेलाय."

आबांनी वैरणीची पेंढी खाली ठेवली. "आपल्यातनं?"

"हो. त्यांच्याकडं मुंगूसच नव्हतं, तर नाव कुठलं असणार? तसंच गोणीचं. गनी बॅग म्हणतात ते आपली गोण."

आबांनी पेंढी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "मग मुंगूस गोणीत घालूनच नेलं असंल की."

दुसऱ्या दिवशी ही बातमी दूध संकलनाच्या रांगेत पोचली आणि त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत आबांनी अख्खी इंग्रजी भाषा मराठीच्या मालकीची करून टाकली होती. डोअर म्हणजे दार, नेम म्हणजे नाव, ब्रदर म्हणजे भ्राता. मी म्हटलं, ही भावकी खरी आहे, पण त्यांनी आपल्याकडून घेतलं असं नाही, दोघांचा पणजा एकच. आबा म्हणाले, भावकी हाय म्हणजे वाटणीचा वाद असणारच. तिथपर्यंत चाललं असतं. पण मग त्यांनी स्वतःचे शोध लावायला सुरुवात केली. रिटायर म्हणजे जुन्या गाडीला पुन्हा टायर बसवणं. एक्स्पायर म्हणजे माणसाची एकच पायरी ऱ्हायली. आणि मॅडम म्हणजे जी मॅड हाय आणि वर दम देती. हा शेवटचा शोध त्यांनी माझ्याकडं बघत सांगितला.

"आबा, असं नसतं. त्याला पुरावा लागतो."

"पुरावा माझ्यासमोर बसलाय की."

आई भाकरी थापता थापता हसली. माझ्या बाजूनं बोलायची तिला सवयच नाही.

अशात माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो इंग्लंडात एका कारखान्यात इंजिनिअर आहे. वर्षापूर्वी त्यानं तिथल्या एका नर्सबाईशी लग्न केलं. लग्न रजिस्टर होतं, ते आम्ही फोनवर बघितलं. आईनं फोनच्या काचेवरच अक्षता टाकल्या आणि त्यातला एक तांदूळ चार्जिंगच्या भोकात जाऊन बसला. आता ती दोघं पहिल्यांदा घरी येणार होती आणि सोबत भावजयीची आजी येणार होती. भावजयीला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पण 'मला एकटीला ठेवून जायचं नाही' म्हणून हटून बसलेली.

"त्या म्हातारीशी बोलायचं कोण?" आईनं विचारलं.

"मी," आबा म्हणाले. "त्यांची भाषा आपलीच हाय."

ती मंडळी आली. भावजय उंच, लालबुंद आणि प्रेमळ. ती मराठी शिकून आली होती, पण शिकवणारा माझा भाऊ, त्यामुळे ती 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी दमलो' असं पुरुषी बोलायची. कुठल्याही दुसऱ्या गावात लोक हसले असते. आमच्याकडं बायका सर्रास असंच बोलतात, त्यामुळे शेजारणींनी तिला पहिल्याच दिवशी पदरात घेतलं. "पोरगी अगदी आपल्यातली वाटती की," असं आईनं चारचौघीत जाहीर केलं.

आजीबाई मात्र बारीक, ताठ आणि मिश्कील होत्या. डोक्यावर कापसासारखे केस. समोर येईल त्याला त्या 'नाइस' म्हणत. चहा नाइस, म्हैस नाइस, आबांच्या मिशा व्हेरी नाइस. आबा खूश झाले. मला राहवलं नाही. मी त्यांना हळूच सांगितलं, नाइसचा मूळचा अर्थ अडाणी, बावळट. लॅटिनमधून निघाला तेव्हा तो शिवीसारखा होता, येता येता सुधारला.

आबांनी मिशीवरचा हात काढला. "मग म्हातारी मला कुठल्या काळातलं नाइस म्हणती, ते विचार."

मी विचारलं. आजीबाई इतक्या हसल्या, की भावजय पाणी घेऊन धावली. म्हणाल्या, "अजून ठरवलं नाही. जेवण झाल्यावर सांगते."

तिथून त्या दोघांचं सूत जमलं. मी मधे बसायची, इकडचं तिकडं करायची. दुभाषाचं काम घरातल्या नळासारखं असतं. नळाकडं कुणी बघत नाही, पण त्यानं थांबलेलं चालत नाही.

आईनं आजीबाईंच्या मालकांची चौकशी केली. आजीबाई सहज म्हणाल्या की, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्यांनी शब्द वापरले ते 'किक्ड द बकेट'. मी भाषांतर करायच्या आत आबांनी 'किक' आणि 'बकेट' हे दोन्ही शब्द पकडले. फौजेत दोन्ही रोजच्या वापरातले.

"बाथरूममधी पडले व्हय?" आबा हळहळले. "लई वाईट. बादली मधे ठिवायची न्हाई, मी हिला रोज सांगतो."

"आबा, बादली नाही. त्यांच्यात मेला असं म्हणायची ती एक तऱ्हा आहे."

"बादलीला लाथ मारली की माणूस मरतो?"

मी शांतपणे सांगायला सुरुवात केली. जुन्या इंग्रजीत बकेट म्हणजे आडवा वासाही असायचा. कापायच्या डुकराला त्या वाशाला उलटं टांगायचे, ते मरताना पाय झाडायचं, त्यावरून हा शब्द आला असावा असं एक मत आहे. दुसरं मतही आहे, पक्कं कुणालाच ठाऊक नाही. एवढं बोलेपर्यंत आईनं हातातला घास ताटात ठेवला होता.

"नवऱ्याला डुक्कर म्हणती ही?" तिनं विचारलं.

हे सगळं मी आजीबाईंना इंग्रजीतून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईंना सांग, तुलना फार चुकीची नाही." आईला हे इतकं पटलं, की तिनं आजीबाईंच्या ताटात तूप वाढलं. मग आजीबाईंनी उलटं विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? मी यादी दिली: राम म्हटला, वर गेला, आटोपला, गचकला. शेवटचा शब्द त्यांना फार आवडला. तो कुठून आला, असं त्यांनी विचारलं. जगातल्या डुकरांचे वासे मला ठाऊक, पण गचकण्याचं मूळ मला सांगता येईना.

"गाडी कशी गचका देऊन बंद पडती," आबा म्हणाले. "तसाच माणूस. ह्येला काय पुस्तक लागतंय?"

पुरावा मागायची माझी इच्छा होती. पण तेवढ्यात भाकरी आली.

जेवण झालं. आजीबाई चष्मा शोधू लागल्या. पिशवीत बघितलं, सोप्यातल्या कोचाखाली बघितलं, भावजय गोठ्यापर्यंत जाऊन आली. चष्मा आजीबाईंच्या डोक्यावर होता. हात लागला तशी त्यांनी कपाळावर थाप मारली आणि म्हणाल्या, "ओ डिअर, आय ॲम गोइंग डूलॅली!"

आबांचे अधू कान एकदम उभे राहिले. "कुठं जायचं म्हणत्यात?"

"कुठं नाही, आबा. गमतीनं म्हणतायत."

"मी ऐकलो की. देवळालीला जायचं म्हणाल्या त्या. देवळालीला कशाला जायचंय त्यांस्नी?"

मी त्यांना दुरुस्त करायला निघाले, पण आबांनी बरोबर ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा शब्दशोध शंभर टक्के खरा होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, डूलॅली म्हणजे खुळा, डोकं फिरलेला. आणि तो शब्द आलाय आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून. नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी धाडण्याआधी देवळालीच्या छावणीत आणून ठेवायचे. बोट मिळेपर्यंत तिथंच बसायचं. काम नाही, कवायत नाही, ऊन, डास, दारू आणि वाट बघणं. महिनेच्या महिने असे काढून काहीजणांच्या डोक्यावर परिणाम व्हायचा. त्यावरून खुळ्या माणसाला देवळाली म्हणायची रीत पडली, आणि साहेबाच्या जिभेवर देवळालीचं डूलॅली झालं. पूर्ण शब्दप्रयोग तर 'डूलॅली टॅप' असा होता, आणि त्यातला टॅप म्हणजे पाण्याचा नळ नव्हे, आपला ताप.

"देवळालीचा ताप," आबा म्हणाले. "बरोबर हाय की. मी बघितलाय त्यो ताप." त्यांचं ट्रेनिंग त्याच भागात झालं होतं.

मग मी हेच सगळं आजीबाईंना इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं होतं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. हातातला चष्मा त्यांनी नुसताच घडी घालून धरला.

"म्हणजे ते गाव आहे?" त्यांनी विचारलं. "खरोखरचं?"

"हो. इथून एका दिवसाच्या वाटेवर."

मग त्या सांगू लागल्या. मी एकेक वाक्य आबांना आणि आईला सांगत गेले. त्यांचे वडील महायुद्धात हिंदुस्थानात होते. लढाई संपल्यावर परत गेले, त्यानंतर आजीबाईंचा जन्म झाला. त्यांनी बघितलेले वडील म्हणजे पुढच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसलेला एक माणूस. भर उन्हाळ्यात अंगात कोट, पायांत बूट, आणि खुर्चीशेजारी भरलेली पिशवी. कामावरून आले की तिथं बसायचे आणि रस्त्याकडं बघायचे. कुठं निघालात विचारलं, तर म्हणायचे, 'बघू, कळवतील.' आजीबाईंची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, लक्ष देऊ नका, तो डूलॅली आहे. गल्लीतली पोरंही तेच नाव घेऊन चिडवायची. पुढं आजीबाई स्वतःही तो शब्द वापरू लागल्या, आपण काय वापरतोय याचा विचार न करता. ते एखाद्या ठिकाणाचं नाव असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

"देवळालीबद्दल ते कधी बोलले?" मी विचारलं.

"हिंदुस्थानबद्दल एकच सांगायचे. चहा चांगला असतो आणि वाट फार बघावी लागते."

 आबा उठून उभे राहिले.

"मग जाऊ या की," ते म्हणाले. "म्हातारी एवढ्या लांबनं आलीय. उद्या सकाळी निघू."

भाऊ म्हणाला, आबा, आमचा गोव्याचा बेत आहे, हॉटेल ठरवलंय. आबा म्हणाले, समुद्र कुठं पळून चाललाय? आई म्हणाली, "मी येत न्हाई, म्हशीचं कोण बघायचं? पर पावण्यांना उन्हातनं जपून न्या." ठरलंच.

गाडी भाऊ चालवत होता. शेजारी आबा, मागं आम्ही तिघी. पुण्यापर्यंत आबांनी त्या दोघींना इंग्रजी शिकवलं. मी मधेच सांगितलं, की इंग्रजीतला मसल हा शब्द उंदरावरून आलाय. दंड वळवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून छोटा उंदीर. आबांनी लगेच बाही वर केली आणि मागं वळून दंड दाखवला.

"उंदीर? ही बेडकुळी हाय. डोळं फुटलं काय त्यांचं?"

आजीबाईंनी चष्मा लावून नीट तपासणी केली. एकदा बोटानं दाबूनही बघितलं. मग निकाल दिला, "बेडूकच. पण म्हातारा बेडूक." मी भाषांतर केलं. आबांनी बाही खाली ओढली आणि संगमनेर येईपर्यंत समोर बघत बसले. संगमनेरला उसाच्या रसानं त्यांचा रुसवा गेला.

नाशिकला मुक्काम करून सकाळी आम्ही देवळालीला पोचलो. माझ्या डोक्यात काय होतं कोण जाणे. जुन्या बराकी, गंजलेलं फाटक, भिंतीवर कोरलेली नावं. प्रत्यक्षात तिथं झाडं लावलेले स्वच्छ रस्ते होते, दवाखाने होते, फरसाणाची दुकानं होती, आणि जिथं जिथं जुनं काही असेल असं वाटलं तिथं तिथं फौजेचा पहारा होता. एका फाटकाशी आबा उतरले, ताठ उभे राहिले आणि आपल्या जुन्या फौजी हिंदीत पहाऱ्यावरच्या जवानाला त्यांनी सगळी हकीकत सांगितली. मेमसाबचे वडील, लढाई, बोट, खुळेपणा. जवान अदबीनं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाबूजी, अंदर नहीं जा सकते. और फोटो मना है."

"बराबर है," आबा म्हणाले. त्यांना राग आला नाही. उलट, पोरगा नियमाला पक्का निघाला म्हणून बरंच वाटलं. आम्हाला मात्र आता काय करावं कळेना. आजीबाईंचे वडील कुठल्या बराकीत होते, कुठल्या मैदानात, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. भाऊ घड्याळ बघू लागला. त्याच्या डोळ्यांसमोर गोवा असणार.

"टेसनावर चला," आबा म्हणाले. "कोण बी असूद्या, आलं असंल आन् गेलं असंल ते टेसनातनंच."

स्टेशन लहान आणि बरंचसं रिकामं होतं. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी. आजीबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी इंग्रजी नाव वाचलं. मग माझ्याकडं वळल्या. "स्पेलिंग चुकलंय," त्या म्हणाल्या. भावजयीनं त्यांचा फोटो काढला. त्यांनी तो बघितला आणि डोळे मिटलेत म्हणून दुसरा काढायला लावला.

आम्ही बाकावर बसलो. एक मालगाडी इतकी सावकाश गेली, की तिचे डबे मोजून संपवण्याइतका वेळ होता आणि तरी कुणी मोजले नाहीत. ती गेल्यावर आबा म्हणाले, "मी हितं बसलोतो. सबंद दिवस."

मी म्हटलं, कधी?

"ट्रेनिंगला आलतो तवा. पळून."

भावानं चमकून बघितलं. आमचे आबा पळून? ज्यांनी आम्हाला शाळेला एक दिवस दांडी मारू दिली नाही ते?

आबा रुळांकडं बघत सांगू लागले. मिसरूड फुटत होती. उचगाव सोडून कधी कुठं राहिले नव्हते. ट्रेनिंगला येऊन काही महिने झाले होते. घरून निरोप आला, म्हैस व्याली, रेडी झालीय. एवढंच. बाकी सगळी खुशाली होती. पण तो निरोप ऐकल्यापासून जेवण उतरेना, झोप येईना. वास यायचा. "कशाचा?" मी विचारलं. "गोठ्याचा की," ते म्हणाले. "बंदूक साफ करताना बी गोठ्याचा वास यायचा. मला वाटलं, डोस्कं कामातनं गेलं माझं." एके दिवशी पहाटेची परेड सोडून ते सरळ चालत स्टेशनावर आले.

"मग गेला का नाहीत?"

"तिकीट कुठं हुतं? आन् टीशी मला सुभेदारापरीस बेकार वाटायचा." गाड्या आल्या, गाड्या गेल्या. आबा बसून राहिले. परत जायची हिंमत नव्हती आणि गाडीत चढायची पण नव्हती. संध्याकाळी लंगरमधला एक आचारी भाजी आणायला आला होता, त्यानं ओळखलं.  भाजीचं एक पोतं ह्यांच्या डोक्यावर दिलं आणि म्हणाला, चल. पोतं वाहात आबा छावणीत परत गेले. शिक्षा झाली ती झालीच. पाठीवर वजन घेऊन मैदानाला फेऱ्या मारल्या, इतक्या की चक्कर येऊन पडले.

"आईला माहीत आहे हे?" भावानं विचारलं.

"तिला कशाला सांगायचं? ती गावभर करील."

मी सगळं आजीबाईंना सांगितलं. म्हैस, रेडी, वास, भाजीचं पोतं. म्हशीपाशी त्या हसल्या. पोत्यापाशी हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी बाकावरचा आबांचा हात आपल्या हातात घेतला. आमच्या उचगावात परक्या बायका म्हाताऱ्याचा हात असा भर फलाटावर धरत नाहीत. आबा पाटीसारखे ताठ झाले. मिशीचा एक केसही हलेना. पण हात काही त्यांनी सोडवून घेतला नाही.

"विचार त्यांना," आजीबाई म्हणाल्या, "त्यांचा ताप मग उतरला का?"

"घरी येऊन म्हशी घेतल्या तवा उतरला," आबा म्हणाले. मग खाकरून मला म्हणाले, "त्यांस्नी पाणी दे की. आन् म्हणावं, त्यांच्या वडिलांना म्हस घ्यायला पायजे हुती."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. आजीबाईंनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, आमच्या घराला मागं जेमतेम दोन दोऱ्या कपडे वाळत घालण्याइतकीच जागा होती. पण विचार चांगला आहे.

फलाटावर चहावाला आला. आजीबाईंनी दोन कप घेतले. एक स्वतः प्यायल्या. दुसरा हातात धरून थोडा वेळ बसल्या. मला वाटलं, आता काहीतरी विधी करणार, रुळांवर वगैरे ओतणार. पण त्यांनी तो भावाला दिला. म्हणाल्या, तुला परत गाडी चालवायची आहे, तू पी.

गोवा राहिलाच. उरलेले दिवस आजीबाई उचगावातच राहिल्या. गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि म्हशी बघायच्या. आबा त्यांना 'व्हय' आणि 'न्हाय' शिकवायचे. त्या आबांना 'गचकला'सारख्या शब्दांच्या बदल्यात एकेक इंग्रजी शिवी द्यायच्या, तिचा उगम मला विचारायच्या आणि मला ठाऊक नसला, की दोघं मिळून रचायचे. त्यांपैकी एकही इथं लिहिण्यासारखा नाही. निघताना आईनं त्यांची ओटी भरली. खण, नारळ, आणि पिशवीभर चटणी. आजीबाईंनी खणाचा वास घेतला, चटणीचा घेतला आणि सटासट शिंकल्या.

काही आठवड्यांनी व्हिडिओ कॉल आला. मी रविवारी उचगावातच होते. आजीबाईंचा चेहरा काचेत मावत नव्हता, एक डोळा आणि अर्धं नाक दिसत होतं. त्यांची एक थोरली बहीण आहे. वडील लढाईला गेले तेव्हा ती चांगली कळत्या वयाची होती. आजीबाई परत गेल्यावर मुद्दाम प्रवास करून तिच्याकडं गेल्या. फोटो दाखवला, पाटी दाखवली, सगळी कहाणी सांगितली. बाबा खुळे नव्हते, ते तिथं बोटीची वाट बघत बसले होते आणि ती वाट त्यांच्या अंगात राहिली, वगैरे.

"मग काय म्हणाली?" मी विचारलं.

"तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं," आजीबाई म्हणाल्या. "मग म्हणाली, काहीतरीच काय? ते लढाईला जायच्या आधीपासून तसेच होते. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोट घालून दाराकडं बघतायत. आई म्हणायची, चर्चमध्ये असताना वाटलं होतं, हा आता निघून जातोय."

मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा आबा दुधाची किटली धूत होते. त्यांनी किटली उपडी ठेवली, हात पुसले आणि फोनजवळ आले.

"तरी बी फौजेत घेतलं त्यांना?"

आजीबाई म्हणाल्या, "घेतलं. आनंदानं घेतलं."

"घेत्यात," आबा म्हणाले. "आमच्या बॅचला बी तसला एक हुता."

"एकच?" आतून आईनं विचारलं.

 आबांनी घाईनं मला विचारलं, त्या थोरल्या बहिणीला देवळाली ठाऊक आहे का, तिला यायचंय का? मी आजीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ती नव्वदीला आलीय, घरातून बाहेर पडत नाही. पण एक गोष्ट झाली. मी निघाले तेव्हा तिनं तो दुसऱ्यांदा काढलेला फोटो परत दिला नाही. म्हणाली, राहू दे इथं. मग टीव्हीवर ठेवला आणि मला म्हणाली, तुझे डोळे मिटलेत यात.